आईच्या वाट्याची पुडी

उन्हाळ्यात आमच्याकडे जेवायला आलेला पाहुणा शेवटी हमखास गोंधळायचा. ताटं उचलली जायची, आता काहीतरी गोडधोड येणार म्हणून तो सरसावून बसायचा, आणि समोर यायचं थंडगार खरबूज. त्यावर हातानं तोडलेला पुदिना आणि बशीच्या कडेला पांढऱ्या कागदाची एक छोटी पुडी. पाहुणा आधी पुडीकडे बघायचा, मग बाबांकडे. बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "जेवणानंतर एकदाच घ्यायची." एका काकूंनी तर ती पुडी खरंच औषध समजून सगळीच्या सगळी तोंडात उपडी केली. मिऱ्यांनी त्यांचे डोळे असे पांढरे झाले की त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या त्या थेट थंडीत.

बाबा कंपाउंडर होते. औषधाच्या दुकानात मागच्या खोलीत उभं राहून आयुष्यभर त्यांनी खलात औषधं घोटली आणि पुड्या बांधल्या. तयार गोळ्यांचा जमाना आला तरी दुकानाच्या मालकानं त्यांना काढलं नाही, कारण काही म्हातारे गिऱ्हाईक बाबांच्या हातच्या पुडीशिवाय बरे व्हायलाच तयार नसायचे. त्यांच्या पुडीची घडी हा आमच्या घरात अभिमानाचा विषय होता. कागद दुमडायचा, कडा नखानं दाबायची, दोन्ही टोकं एकमेकांत खोचायची. अशी पुडी जिन्यावरून खाली फेकली तरी आतला कण बाहेर येत नसे. हे मला माहीत आहे, कारण आम्ही फेकून बघितलं होतं.

माणूस दुकानातून घरी येतो, दुकान काही माणसातून जात नाही. उन्हाळा लागला की रविवारी सकाळी बाबा स्वयंपाकघराचं टेबल पुसून घ्यायचे, त्यावर आपला घरचा खल मांडायचे आणि आम्हाला तिथून हाकलून द्यायचे. मिरे, भाजलेलं जिरं, सुंठ, बडीशेप, सुकवलेला पुदिना, लाल तिखट, मीठ. आठवडाभराच्या पुड्या एकाच बैठकीत बांधून व्हायच्या आणि पत्र्याच्या डब्यात जायच्या. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं होतं. दादा लहानपणापासून थोराड आणि संथ, म्हणून त्याला मिरे जास्त. त्याच्या पुडीवर पेन्सिलीची उभी रेघ. मी तोंडानं फटकळ, म्हणून मला लाल तिखट, "काट्यानं काटा निघतो" असं म्हणून. माझ्या पुडीवर फुली. धाकटी आमचं शेंडेफळ, तिला बडीशेप आणि पुदिना, आणि तिच्या पुडीवर टिंब. आईच्या पुडीवर वर्तुळ. स्वतःच्या पुडीवर बाबा काहीच काढायचे नाहीत.

आणि एक नियम होता, तो मोडायची कोणाची प्राज्ञा नव्हती. दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही. दुकानात म्हणे एकाची बाटली दुसऱ्यानं नेली म्हणून फार मोठा घोळ झाला होता. तेव्हापासून बाबांनी हा नियम घरी आणला आणि मीठ-जिऱ्याला लावला. दादाच्या पुडीत काय चव आहे हे मला तो तीन मुलांचा बाप झाला तरी माहीत नव्हतं. आम्ही भावंडांनी एकमेकांची उष्टी बोरं खाल्ली, एकमेकांचे कपडे घातले, पण पुडीला हात लावला नाही.

जेवणं उरकली की आम्ही मागच्या गच्चीत बसायचो. उन्हाळ्याचा उजेड लवकर जात नाही, खालच्या अंगणात कोणीतरी सायकल धूत असायचं, समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतून भांड्यांचा आवाज यायचा. फळं दुपारपासून बादलीतल्या पाण्यात पडलेली असायची. आई ती कापायची. खरबुजावर पुदिना, कलिंगडावर कोथिंबीर, पीच असले तर त्यावर बडीशेपेचा कोवळा पाला. आपल्या फोडी मात्र ती आधीच बाजूला काढून ठेवायची. म्हणायची, मला टोकाच्या लागतात. मग बाबा डबा उघडून हाक द्यायचे, "चला, पुढचा पेशंट!" आणि आम्ही हात पुढे करायचो.

बाबांचं म्हणणं असं की गोडाला कोणी टोकलं नाही तर ते आळशी होतं. थोडं मीठ लावा, थोडं मिरं लावा, मग बघा कसं जागं होतं. आणि खरंच व्हायचं. कलिंगडाची फोड आधी जिभेला खारट लागायची, मग तिखट, आणि मग आतून एकदम गार, गोड पाण्याचा लोंढा यायचा. आज मी कितीही चांगल्या ठिकाणी, कितीही सजवलेला गोड पदार्थ खाल्ला तरी माझी जीभ शेवटी त्या खारट फोडीची वाट बघत बसते.

आई सगळ्यात शेवटी पुडी घ्यायची. आम्ही अधाशासारखे फोडी संपवत असायचो तेव्हा ती सावकाश पुडी उचलायची, नखानं दोनदा टिचकी मारायची, आपल्याकडे वळवून उघडायची आणि बशीवर अलगद झटकायची. एक फोड खायची. डोळे मिटायची. बाबा स्वतःचं खाणं थांबवून विचारायचे, "कसं आहे?"

"मीठ जरा कमी पडलं," आई म्हणायची. किंवा, "आज जिरं करपलंय का हो?" किंवा, "तिखट अंमळ चढलंय."

"उद्या बघतो," बाबा म्हणायचे.

रोज. आईला कधी पुडी पसंत पडली नाही आणि बाबांनी कधी प्रयत्न सोडला नाही. आम्हाला वाटायचं, आई काय ही, किती नखरे! दिवसभर उभं राहून दमलेला माणूस हौसेनं करतो आणि हिचं आपलं मीठ कमी, मीठ जास्त. धाकटी तर एकदा रागावून म्हणाली होती, "आई, तू एकदा तरी छान म्हण ना!" बाबांना ठसका लागला आणि आईनं त्यांच्या पाठीवर थोपटलं.

बाबा गेले ते थंडीच्या सुरुवातीला. त्यावर मी फार लिहिणार नाही. मला ते जमत नाही, आणि बाबांनाही रडारड आवडायची नाही. आईनं सगळं नीट पार पाडलं. भेटायला येणाऱ्यांना पाणी दिलं, त्यांचं ऐकून घेतलं, उलट त्यांचीच समजूत काढली. आम्ही म्हटलं, आई खंबीर आहे. आम्हीच कसले उंटावरचे शहाणे! उन्हाळा लागला तसं आईचं जेवण कमी होत गेलं. मी जवळच राहते, कामावरून सुटले की रोज तिच्याकडे जाते. मी असले की ती ताट वाढून घ्यायची, दोन घास खायची आणि उरलेलं झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते झाकलेलं तसंच असायचं. तिच्या हातातलं घड्याळ मनगटावरून खाली कोपराकडे घरंगळायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, आजार काही नाही, पण खात नाहीत हे बरं नाही. एकट्या राहतात का?

हे मी दादाला फोनवर सांगितलं तीच माझी चूक झाली. दादा दूरच्या शहरात राहतो. त्याचं रंगांचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं भिंतीचा टवका आणून दिला तर त्याच्याशी जुळणारा रंग तो डोळ्यांनी सांगतो, यंत्र नंतर. हिशेबी माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी येतो आणि आईला घेऊन जातो. घर बंद करू."

"तिला यायचं नाहीये," मी म्हटलं.

"मग तिला खायला घाल. खात असेल तर राहू दे तिथे, मी कशाला नेऊ? पण तू रोज जाऊन ती अशी वाळत असेल तर तुझ्या जाण्याचा काय उपयोग?"

हे झोंबलं, कारण खरं होतं. वर त्यानं मलाच रात्रीच्या गाडीची वेळ विचारली. मी बस आगारात चौकशीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगते. स्वतःच्या आईला तिच्या घरातून उचलून नेणाऱ्या गाडीची वेळही मीच सांगितली, दात-ओठ खाऊन.

आईला सांगितलं तेव्हा ती गच्चीतल्या खुर्चीत बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मग इथली झाडं?" आणि पुदिन्याच्या कुंडीतली सुकलेली पानं खुडायला लागली. त्या कुंडीला ती जगवत होती आणि स्वतः मात्र खात नव्हती. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी तडक खाली उतरले आणि फळवाल्याकडे गेले.

तो आमचा जुना फळवाला. खरबूज कानाशी धरून वाजवतो आणि घड्याळजीसारखा ऐकतो. बाबांबद्दल त्याला माहीत होतं. "यंदा तुमच्याकडून कोणी आलंच नाही," तो म्हणाला. मला तेव्हा लक्षात आलं की खरंच, आईनं उन्हाळाभर फळ आणलंच नव्हतं. मी दोन खरबुजं घेतली, कलिंगड घेतलं, पीच घेतले, आणि मनात म्हटलं, बस, हेच. आईला तिची पुडी मिळाली की ती खाईल.

पण तिची पुडी होती कशाची? त्या दिवशी मी मीठ, जिरं, मिरं कुटलं. आईनं बशी समोर घेतली, एक फोड उचलली, जिभेला लावली आणि ठेवून दिली. "चांगलं आहे गं," ती म्हणाली. "पण ती चव नाही." दुसऱ्या दिवशी मी मीठ वाढवलं, कारण ती नेहमी मीठ कमी म्हणायची. ती चव नाही. मग तिखट कमी केलं. सुंठ घातली. जिरं कमी भाजलं, मग जास्त भाजलं. धाकटीला फोन केला. ती दुसऱ्या गावी केकच्या दुकानात काम करते. केकवर क्रीमची फुलं काढता काढता तिनं सांगितलं, बडीशेप घाल, आईला बडीशेप आवडते. घातली. ती चव नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आई हे माझ्यावर उपकार केल्यासारखं नाही, उलट मलाच वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणायची, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटायचं.

रविवारी दादा आला. येताना मोठी रिकामी बॅग घेऊन आला आणि ती दाराशी उभी केली. आई तिच्याकडे बघेना. धाकटीही दुकानातून सुट्टी घेऊन आली. जेवताना आईनं दोन घास खाल्ले. दादानं माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं.

"फळ देऊ आपण," मी म्हटलं. "बाबांसारखं. शेवटचं एकदा करून बघू."

आईला गच्चीत बसवलं आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात घुसलो. तिघांची तीन मतं. दादा म्हणाला, "बाबा माणसाच्या स्वभावाच्या उलट द्यायचे. आई शांत, म्हणजे तिला तिखट." धाकटी म्हणाली, "चूक. बाबा स्वभावासारखंच द्यायचे. ताई तिखट, तिला तिखटच दिलं की नाही?" मी म्हटलं, तुम्ही दोघं आधी आवाज खाली करा. दादानं वाटीत थोडं थोडं मिसळून चाटून बघायला सुरुवात केली, जशी काही आईच्या चवीची शेड जुळवत होता. "बाबांचा खल कुठाय?" त्यानं विचारलं. "मिक्सरनं ती पूड येणारच नाही."

खल वरच्या फळीवर, मागे होता. धाकटी स्टुलावर चढली. तिनं खल खाली दिला आणि मग म्हणाली, "अगं ताई, हा डबा!"

पुड्यांचा पत्र्याचा डबा. गेल्या उन्हाळ्यातला. बाबा आजारी पडले तेव्हा उन्हाळा संपत आला होता, त्या आठवड्याच्या पुड्या तशाच राहून गेल्या होत्या. झाकण उघडल्यावर तोच ओळखीचा वास आला. भाजलेलं जिरं, सुका पुदिना आणि जुना कागद. आत रेघा होत्या, फुल्या होत्या, टिंबं होती, वर्तुळं होती. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. गेल्या उन्हाळ्यात बाबांनी दादाच्या आणि धाकटीच्या पुड्याही बांधल्या होत्या. ते दोघं येणार नाहीत हे माहीत असूनही.

"झालं काम," दादा घसा खाकरून म्हणाला. "आईची एक उघड. चाखून बघू, कळेल काय आहे ते."

मी वर्तुळाची पुडी उघडली. आत काही नव्हतं.

"सांडली असेल," धाकटी म्हणाली.

दादानं तिच्याकडे असं बघितलं की ती ओशाळली. बाबांची पुडी सांडत नाही. मी दुसरी उघडली. रिकामी. तिसरी उघडली, कागद उजेडात धरला, बोट फिरवून जिभेला लावलं. कागदाची चव. वर्तुळाच्या सगळ्या पुड्या रिकाम्या होत्या. माझी फुली उघडली तर ती शिगोशीग भरलेली आणि नाकाला झोंबणारी.

दादा खुर्चीवर बसला. त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "म्हणजे शेवटी शेवटी त्यांचं डोकं चालत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "हात सवयीनं घड्या घालत होते. भरायचं विसरत होते. आणि आपल्याला पत्ताच नाही." त्यानं रिकामा कागद उलटा करून बघितला. "आई बिचारी रिकाम्या पुड्या उघडत बसली असेल आणि कोणाला बोलली नसेल."

क्षणभर मलाही तेच वाटलं. पण चौकशीच्या खिडकीवर बसून बसून मला एक खोड लागली आहे. कोणी काही सांगितलं की मी आधी विचारते, कसं काय? विसरणारा माणूस फक्त एकाच माणसाच्या पुड्या बरोबर कसा विसरेल? आमच्या तर भरलेल्या होत्या, ज्याच्या त्याच्या मापानं.

धाकटी इतका वेळ स्टुलावरच उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नका. मी एकदा आईची पुडी उघडली होती."

"काय?" दादा आणि मी एकदम म्हणालो. केवढी ती मोठी झालेली, केवढे आम्ही, तरी आम्हाला धक्का बसला.

"शाळेत होते. मला वाटायचं आईच्या पुडीत काहीतरी खास असतं, आपल्याला न दिलेलं. म्हणून डब्यातून काढली आणि उघडली. तर रिकामी! मला वाटलं, माझ्याच हातून सांडली. घाबरले, आणि ताईची फुलीवाली पुडी त्यात ओतून परत बांधली. कशीबशी."

"माझी?" मी म्हटलं. "तरीच एक दिवस माझ्या फुलीत बडीशेप निघाली होती!"

"माझी भरली मी तुझ्यात. मग काय करणार?"

आणि मग मला ती संध्याकाळ आठवली. तिघांनाही आठवली, कारण त्या संध्याकाळी एक नवलच घडलं होतं. आईनं नेहमीसारखी टिचकी मारली, पुडी उघडली, झटकली, फोड खाल्ली आणि तिचे डोळे एकदम विस्फारले. तिला ठसका लागला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. बाबांनी घाबरून विचारलं, "कसं आहे?" आणि आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आज... आज अगदी बरोबर झालंय." बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग ते हसायला लागले, खुर्चीचे हात धरून, आवाज न करता, अख्खे हलत. आईही हसायला लागली. आम्ही तिघं तोंडं बघत बसलो. आम्हाला वाटलं, शेवटी एकदाची पसंत पडली म्हणून बाबांना आनंद झाला.

मी हातातला कोरा कागद टेबलावर ठेवला. एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. आई आपल्या फोडी पुदिना घालण्याआधीच बाजूला काढायची. पुडी आपल्याकडे वळवून उघडायची. आईला फळावर मीठ-मसाला कधी आवडलाच नव्हता. आणि सगळ्यांच्या हातात पुडी असताना आईचा हात रिकामा राहू नये, म्हणून बाबा तिच्या नावाची पुडी बांधत होते, हवेची. ती रोज ती हवा फळावर भुरभुरवत होती, आणि रोज तिच्यात मीठ कमी काढत होती. आमच्या समोर, आमच्या नाकाखाली, सगळा संसारभर त्या दोघांचा हा खेळ चालला होता आणि त्यांनी आम्हाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

हे मी दोघांना सांगितलं. धाकटी स्टुलावरून उतरली आणि ओट्याला टेकून रडायला लागली, मध्येच हसायला लागली. दादा म्हणाला, "आणि तू तिला आठवडाभर मीठ-मिरी चारत होतीस?"

"तू तर आत्ता तिला तिखट घालायला निघाला होतास," मी म्हटलं.

"पण मग तिनं सांगितलं का नाही?"

मला कळत होतं. सगळंच दुसऱ्यांना सांगून टाकायचं नसतं. बाबांचे कपडे आम्ही देऊन टाकले, चष्मा दादा घेऊन गेला, काठी कोणीतरी मागून नेली. आईजवळ तिचं एकटीचं असं एवढंच उरलं होतं. ती तरी ते सहजासहजी कसं हातचं सोडेल?

डब्यातल्या वर्तुळाच्या पुड्या आम्ही पुन्हा दुमडून जशाच्या तशा ठेवल्या. त्या बाबांनी बांधलेल्या होत्या, त्यांना हात लावायचा आम्हाला हक्क नव्हता. मी कपाटातून पांढरा कागद काढला. घडी मला कधीच जमली नाही, माझी पुडी म्हणजे चुरगळलेलं तिकीट. पण दादा सुट्टीत बाबांबरोबर दुकानात जाऊन बसायचा. त्यानं रंगांचे डाग पडलेल्या जाड बोटांनी कागद दुमडला, कडा नखानं दाबली, टोकं खोचली. पुडी अशी उतरली की आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. मी पेन्सिलीनं वर्तुळ काढलं. धाकटीनं खरबूज कापलं, टोकाच्या फोडी आधी वेगळ्या काढल्या, आणि मग बाकीच्यांवर पुदिना तोडून टाकला.

बाहेर अजून उजेड होता. समोरच्या इमारतीत कोणीतरी चादर झटकत होतं. आई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती, गाडीची वाट बघणारी माणसं बसतात तशी. आगारात मी अशी माणसं रोज बघते.

आम्ही बश्या मांडल्या. डबा मी हातात घेतला. बोलायचं ठरवलं होतं, पण मी डब्याचं झाकणच चाचपत राहिले. शेवटी धाकटीनं कोपर मारलं तेव्हा मी म्हटलं, "चला, पुढचा पेशंट."

आईनं मान वर केली.

दादाला रेघ दिली, धाकटीला टिंब, मी फुली घेतली. गेल्या उन्हाळ्याच्या, बाबांच्या हातच्या. मग नवी पुडी मी आईच्या बशीच्या कडेला ठेवली. आईनं वर्तुळाकडे बघितलं. पुडी उचलली आणि तळहातावर धरली. तिचं वजन तिला लगेच कळलं असणार. तिनं माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे, मग दादाकडे, आणि दादानं खाली मान घातली. मला भीती वाटली. वाटलं, आपण जे करायला नको ते केलं. जे तिचं होतं त्यात आपण हात घातला. आता ती उठेल, आत जाईल आणि दादाची बॅग भरायला घेईल.

आईनं पुडीवर नखानं टिचकी मारली. पुन्हा एकदा मारली. मग ती आपल्याकडे वळवून उघडली आणि खरबुजावर अलगद झटकली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठली फोड सुटू नये अशी. कागद घडी घालून बशीखाली ठेवला. एक फोड उचलली, खाल्ली आणि डोळे मिटले. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

कोणीतरी विचारायला हवं होतं. मी दादाकडे बघितलं. तो हिशेबी माणूस बशीवर वाकून बसला होता.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

आईनं डोळे उघडले. ती जराशी हसली.

"मीठ," ती म्हणाली आणि थांबली. फोड नीट चावून गिळली. "मीठ जरा कमी पडलं."

दादानं आपली बशी बाजूला सारली.

"उद्या बघतो," तो म्हणाला.

आईनं दुसरी फोड उचलली. रात्रीच्या गाडीची दोन्ही तिकिटं दादाच्या खिशातच राहिली.